अष्टमीच्या पुलावरून

गेल्या कार्तिकात आम्ही पेणहून अष्टमीस जाऊन आलो. सकाळी स्नानसंध्या आटोपून निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, एवढाच हा प्रवास. काशी-रामेश्वराची वर्णने वाचणाऱ्या वाचकांस ह्या जवळच्या गावाची हकीकत ती काय सांगावी, असा संकोच आम्हांस प्रथम वाटला. परंतु ह्या एका दिवसाच्या प्रवासास निघावयास आम्हांस नऊ वर्षे लागली. ती का लागली, हे सांगण्यासारखे आहे. आणि ते सांगताना आमची जी थोडी नाचक्की होईल ती आम्ही पत्करली आहे.

पेण येथील आमचे घर वडिलोपार्जित. यंदाच्या पावसाळ्यात पुढील दाराच्या चौकटीस वाळवी लागली, आणि उंबरठ्यापासून हातभर लाकूड बोटाने दाबले तरी आत जाऊ लागले. घरात माणसे दहा, येणारी-जाणारी निराळीच. तेव्हा दार नवे करणे अवश्य होते. गावातील ओळखीचे सुतार दिवाळीच्या कामांत गुंतलेले. इतक्यात धाकटे चिरंजीव म्हणाले, “अष्टमीस एक सुतार आहे. जुन्या सागवानाचे काम त्याच्यासारखे दुसरा कोणी करीत नाही, असे ऐकतो. पण तो सात वर्षे येरवड्यास होता.”

एवढ्या शब्दांनी ओटीवरचे बोलणे थांबले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, घरात सुना आहेत, नातवंडे आहेत. काम पुन्हा दाराचेच. म्हणजे कडीकोयंडाही त्याच्याच हातून बसावयाचा!” थोरल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “आई, सात वर्षे भोगली ना त्याने? मग आणखी किती भोगायची?” ह्यावर कोणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी त्या सुताराचे नाव सांगितले, आणि आम्ही मान खाली घातली. तो आमचा विद्यार्थी होता.

रोहे तालुक्यातील ज्या शाळेत आम्ही संस्कृत आणि मराठी शिकवीत असू, तेथे तो तीन वर्षे आमच्या वर्गात होता. शब्दरूपे त्याच्या जिभेवर फारशी चढली नाहीत. परंतु वर्गातील मोडका बाक दिसला की तो मधल्या सुट्टीत दगडाने ठोकून नीट करून ठेवी. पुढे तो घरची शेती पाहू लागला. एका उन्हाळ्यात, पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची ह्यावरून बांधावर भांडण जुंपले. त्याच्या हातातील फावड्याचा घाव समोरच्याच्या डोक्यात बसला आणि तो समोरचा, त्याच्याच भावकीतील पंचविशीचा तरुण, मरण पावला. न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी सांगितली. प्रथम तो अलिबागेस हिराकोटात होता. आंग्र्यांच्या वेळच्या ह्या किल्ल्यात जिल्ह्याचे कारागृह आहे. तेथून त्याची रवानगी येरवड्यास झाली.

त्याच्या शिक्षेच्या तिसऱ्या वर्षी त्याची पत्नी पेणेस आमच्या घरी आली. कैद्यास काही काळ शिक्षा भोगल्यावर संचित रजा, जिला सर्वत्र फर्लो म्हणतात ती, मिळू शकते. परंतु १९५९ च्या नियमांप्रमाणे त्यास घरी ठेवून घेण्यास कोणी नातलग तयार असावा लागतो, त्याने हमीपत्र लिहून द्यावे लागते, आणि पोलीस गावात चौकशी करून अहवाल पाठवितात. ह्या बाईच्या नावावर ना घर, ना जमीन. आणि थोरला दीर सही करावयास कचरत होता. तो दीरही आमचाच विद्यार्थी. बाई म्हणाली, “गुरुजी, आपला शब्द भावोजी मोडणार नाहीत. मामंजी अंथरुणास खिळले आहेत. त्यांना एकदा मुलाचे तोंड दिसावे, एवढीच इच्छा आहे.”

आम्ही तिला चहा दिला आणि ‘विचार करून कळवितो’ असे सांगितले. विचार केला तो असा, की मृताची आईही आमच्या ओळखीची. गावात दोन तट. शिक्षकाने असल्या प्रकरणात पडू नये. आम्ही गेलो नाही. रजा मिळाली नाही. दोन महिन्यांनी त्याचे वडील वारले. ही गोष्ट आम्ही घरात कोणास सांगितली नव्हती. वाळवीने चौकट पोखरली आणि ती बाहेर आली. “सुताराकडे आम्हीच जाऊन येतो,” असे आम्ही त्या दिवशी म्हणालो. सौभाग्यवतींनी आमच्याकडे एकवार पाहिले, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पेणेहून निघाल्यावर विनोबांची आठवण होणे साहजिक आहे. कारण ह्याच तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘गीताप्रवचने’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी देव्हाऱ्याजवळ असते. पण ते पुस्तक तुरुंगात जन्मले, हे वाचताना आपल्या ध्यानात राहत नाही. पुढे १९६० साली चंबळेच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी ह्याच पुरुषापुढे शस्त्रे ठेवली. त्यानंतर त्यांच्यावर खटले चालले, शिक्षाही झाल्या. दया दाखविली म्हणून न्यायाचे काम थांबले नाही, आणि न्याय झाला म्हणून दयेचे काम संपले नाही. गाडीत बसल्या बसल्या हे मनात येत होते, आणि आपण तर एका घरी दोन शब्द बोलावयासही गेलो नाही, हेही त्याबरोबर येत होते.

वडखळ आणि नागोठणे मागे टाकून गाडी भिसे खिंडीतून उतरली की कुंडलिकेचे खोरे दिसू लागते. नदीच्या उत्तर तीरावर अष्टमी आणि पुलापलीकडे रोहे. दोहोंची नगरपालिका एकच. तिच्या नावातही दोन्ही गावे शेजारी नांदतात. लौकिक मात्र पलीकडच्या तीराचा अधिक. धावीर महाराजांचे देवस्थान तेथले. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस दल सशस्त्र मानवंदना देते. चिंतामणराव देशमुखांचे बालपण तेथे गेले. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली तेथे जन्मले. अष्टमी आपली अलीकडे, बेताची; दुकाने, देवळे, मोहल्ला आणि कडेने भाताची खाचरे. आम्ही उतरलो तेव्हा कापणी झालेल्या शेतांत भारे बांधण्याचे काम चालले होते, आणि ओल्या पेंढ्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

कुंडलिका उन्हाळ्यातही आटत नाही. त्याचे कारण असे, की मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील टाटांच्या वीजघरातून ह्या नदीत येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून त्याचे पाट निघाले आहेत, आणि त्यांवर उन्हाळी भात होते. पाटाच्या ह्याच पाण्यावरून आमच्या विद्यार्थ्याचा जन्म फिरला. आणि ज्या धरणाचे हे पाणी, त्याच्या विरुद्ध १९२१ ते १९२४ ह्या वर्षांत झालेल्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापट तुरुंगात गेले. देशासाठी किंवा गरिबांच्या जमिनीसाठी जो तुरुंगात जातो, त्याला आपण हार घालून घरी आणतो. आणि ते योग्यच आहे. ज्याच्या हातून अपराध घडला तो सुटतो, तेव्हा गाडीच्या थांब्यावर कोणी नसते. दोघांस एकाच तागडीत घालावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तुरुंगापासून घरापर्यंतची वाट ह्या दुसऱ्यासच अधिक लांब पडते, आणि सोबतीची गरजही त्यालाच अधिक असते.

त्याचे दुकान म्हणजे एका लाकडाच्या वखारीच्या कडेची पत्र्याची पडवी. तो रंधा मारीत होता. आम्हांस पाहताच हातातील काम टाकून उठला, पाया पडला आणि बसावयास चौरंग पुढे केला. स्वतः मात्र उभाच राहिला. केस पिकले होते. आम्ही चौकटीचे माप सांगितले. त्याने ते पेन्सिलीने फळीवर लिहून घेतले. मग बोलण्यास काही उरले नाही. तेव्हा जे बोलावयास आलो होतो ते बोललो. “तुझी बायको माझ्याकडे आली होती. मी तुझ्या भावाकडे गेलो नाही.”

तो म्हणाला, “ठाऊक आहे, गुरुजी. मुलाखतीस आली तेव्हा तिने सांगितले होते. म्हणाली, गुरुजींनी ओटीवर बसविले, चहा दिला. त्या वर्षी तिला कोणी बसा म्हटले नव्हते.”

वाचकहो, त्याने आम्हांस चार कठोर शब्द ऐकविले असते तर आम्ही ते सुखाने ऐकून घेतले असते. ज्या चहाच्या आड आम्ही आपला भित्रेपणा लपविला, तोच ह्या मनुष्याने उपकार म्हणून नऊ वर्षे जपून ठेवला होता.

पुढे त्याने आपली हकीकत सांगितली. तीही आम्ही विचारली म्हणून. येरवड्याच्या कारागृहात सुतारखाना आहे. कैद्यांनी घडविलेल्या टेबल-खुर्च्या सरकारी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत जातात. तेथे तो गुण्या, पटाशी आणि रंधा चालवावयास शिकला. सुटल्यावर भावाने घर वाटून दिले नाही. कारखान्यात कामास लागावे तर पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, आणि त्या कागदावर त्याची शिक्षा लिहिलेली. चार महिने तो लोकांची लाकडे फोडून पोट भरीत होता. शेवटी अष्टमीच्या ह्या वखारीच्या म्हाताऱ्या मालकांकडे, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो, तो काम मागावयास गेला आणि कोठून आलो ते आधीच सांगून टाकले. चाचांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “चौकट काटकोनात बसते का तुझी?” त्याने तेथल्या तेथे एक करून दाखविली. त्या दिवसापासून ही पडवी त्याची झाली. आता हाताखाली दोन मुले शिकत आहेत.

आम्ही भीत भीत विचारले, “त्या मुलाची आई?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाजारात येते कधी कधी. ती दिसली की मी रस्त्याच्या कडेला उभा राहतो, जाईपर्यंत. माफी मागावी असे फार वाटते. पण मागितली, तर ती द्यावी की नाही हे ओझे त्या माउलीवर कशाला?” ह्यावर आम्ही काय बोलणार? सुटून आलेल्यास गावाने सामावून घ्यावे असे म्हणताना, जिच्या घरचा दिवा विझला तिला आपण विसरावयाचे नाही. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार गावाला नाही, आम्हांसही नाही. परंतु त्याला भुकेने आणि एकटेपणाने मारले, तरी तिचा मुलगा तिला परत मिळावयाचा नाही.

परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून आम्ही पुलावर जाऊन उभे राहिलो. वरून घाटमाथ्याचे पाणी येत होते. खाली रेवदंड्यापाशी ही नदी समुद्रास मिळते. नदीकाठी उभे राहिले म्हणजे पाठशाळेत घोकलेल्या गोष्टी आठवतात. आपण आज ‘घटस्फोट’ हा शब्द पतिपत्नींच्या विभक्त होण्यास लावतो. त्याचा मूळ अर्थ निराळा. महापातक्यास जातीबाहेर काढावयाचे, तेव्हा त्याच्या जिवंतपणीच त्याच्या नावाने पाण्याचा घट लाथेने उलथून टाकीत. मग त्याच्याशी बोलणे, बसणे, देणे-घेणे सारे बंद. हा विधी आपल्या समाजाने नीट ध्यानात ठेवला. त्याचा उत्तरार्ध मात्र आपण विसरलो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुढे असे सांगितले आहे, की त्याने प्रायश्चित्त पुरे केले म्हणजे आप्तांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करावे, पाण्याने भरलेला नवा घट त्याच्यासह पाण्यात सोडावा, आणि मग त्यास पूर्वीप्रमाणे सर्व व्यवहारांत घ्यावे. शुद्ध झालेल्याची पुढे किळस करू नये, असाही तेथे निर्बंध आहे. आणि आठव्या अध्यायाचा आशय असा, की राजाने ज्याला दंड केला तो त्या पापातून निर्मळ होतो.

ह्याच ग्रंथात माणसामाणसांत अन्याय्य भेद करणारे पुष्कळ आहे, हे आम्ही जाणतो. आमच्याच जिल्ह्यात महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत त्याचे दहन झाले, आणि त्यास सबळ कारण होते. परंतु आपण गंमत अशी केली, की टाकावयाचे ते दीर्घकाळ जपले आणि जपावयाचे ते टाकले. पहिला घट आपण आजही फोडतो. पाण्याने नव्हे, तर मौनाने, ‘बघू’ म्हणण्याने, दार लोटून घेण्याने. दुसरा घट कोणी भरीत नाही.

ह्या पोथीतल्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. त्यांस आम्ही औंध संस्थानची आठवण देतो. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी, मॉरिस फ्रिडमन ह्या पोलंडातून आलेल्या अभियंत्याच्या सूचनेवरून, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत वसविली आणि तिला स्वतंत्रपूर असे नाव दिले. तेथे तट नाही. कैदी तेथे बायकामुलांसह राहावयाचा आणि जमीन कसून पोट भरावयाचा. ह्याच कल्पनेवरून, त्याच मुलुखातील शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील सहा कैद्यांसाठी चित्रपटगृहात डोळेही पुसले आहेत. परंतु सातवा कैदी आपल्या आळीत राहावयास आला, तर त्याला खोली भाड्याने देताना आपला हात आखडतो. औंधच्या राजांनी ओळखले ते एवढेच, की ज्याला घर आहे आणि हाताला काम आहे, त्यास कोंडून ठेवण्यास भिंतीची जरुरी कमी लागते. सुटलेल्या मनुष्यासही हेच लागू आहे. घर आणि काम नसेल, तर तो पुन्हा भिंतीकडेच जावयाचा.

ह्या कामी संस्थाही झटत आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून कैद्यांत आणि सुटलेल्यांत काम करतो. अपराध्यास परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठविता देखरेखीखाली, सोडण्याचा १९५८ चा कायदाही आहे. आणि अशा रीतीने सोडलेल्यास त्या दोषसिद्धीमुळे पुढे कोणत्याही कामास अपात्र समजू नये, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. परंतु कायदा आणि संस्था तुरुंगाच्या दारापासून गावाच्या वेशीपर्यंत माणसाला आणून सोडतील. वेशीपासून ओटीपर्यंत त्याला आणावयाचे, ते घरातल्या माणसांनीच.

आमच्या घरी काय झाले, ते सांगून ही हकीकत संपवितो. आम्ही घरी आलो आणि रात्री जेवणानंतर सर्वांदेखत नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. कोणी काही बोलले नाही. सकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यालाच बोलवा.” पंधरा दिवसांनी तो चौकट घेऊन आला. दिवसभर काम चालले. सौभाग्यवती दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत, हेही खरे सांगितले पाहिजे. दुपारी मात्र त्यांनी तांब्या-भांडे स्वतः आणून ओटीवर ठेवले आणि “बायको-मुले बरी आहेत ना?” असे विचारले. आमचा नातू त्याला खिळे मोजून देत होता. संध्याकाळी त्याने गुण्या लावून चारही कोपरे दाखविले. दार एका बोटाने लोटले तरी सरकत होते, आणि लावले म्हणजे फट दिसत नव्हती. कडीकोयंडा त्यानेच बसविला.

तो निघताना आम्ही त्याच्या भावाच्या नावे लिहिलेले एक पत्र त्याच्या हाती देऊ केले. त्याने ते घेतले नाही. “आता राहू द्या, गुरुजी. तुम्हीच कधी गेलात तर जा,” एवढेच म्हणाला. तेव्हा मकरसंक्रांतीस तिळगूळ घेऊन आम्ही त्या घरी जाणार आहोत. नऊ वर्षे उशीर झाला आहे. वारलेल्या वडिलांस त्याचा उपयोग नाही. तरीही जाणार आहोत.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी कर्ती माणसे आहेत, ज्यांचा शब्द भावकीत आणि आळीत मोडला जात नाही. त्यांस आमची विनंती फार मोठी नाही. आपल्या नात्यात कोणी कैदेत असेल, तर त्याच्या रजेच्या कागदावर सही करावयास भिऊ नये. कैद्याची मुले आपल्या मुलांच्या वर्गात असतील, तर त्यांच्या बापाचा उच्चार आपल्या मुलांनी करू नये, एवढे घरी सांगावे. सुटून आलेला मनुष्य काम मागावयास आला, तर त्याचे काम पाहावे; चाचांनी विचारले तेवढे विचारावे. आणि ‘विचार करून कळवितो’ असे कोणास म्हटले, तर खरोखरच कळवावे.